वर्षभर लटकलेली दिवाळी

हल्ली एक वाक्य फार ऐकू यायला लागलं आहे. "एकदाच काय तो खर्च करा, दरवर्षीची कटकट संपली!" देवळाच्या महाजनांच्या बैठकीत, हाउसिंग सोसायटीच्या सभेत, पंचायतीत, सगळीकडे. विषय एकच. सणासुदीची रोषणाई कायमची बसवून टाकायची. शिखराच्या कडेने, गच्चीच्या कठड्याला, दीपस्तंभाच्या प्रत्येक मजल्याला एलईडीच्या पट्ट्या. मोबाईलवर बोट ठेवलं की चवथीला केशरी, दिवाळीला पिवळा, नाताळात हिरवा-तांबडा आणि १५ ऑगस्टला तिरंगी. माना डोलतात, चहा येतो, ठराव पास होतो.

मला यात डोलण्यासारखं काही दिसत नाही. कारण भावनेचं नाही, निदान आधी तरी नाही. मी कलाशाखेचा पदवीधर, पण वीस वर्षं सरकारी टेबलावर बिलं तपासतो आहे. तेव्हा आधी हिशेब.

विक्रेता पहिला आकडा फेकतो तो ५०,००० तासांचा. एवढं आयुष्य म्हणे या दिव्यांचं. ठीक आहे. देवळात रोषणाईचे दिवस वर्षाला धरा पंचवीस, रात्रीचे सहा तास. झाले १५० तास. या चालीने ५०,००० तास संपायला ३३३ वर्षं लागतील. म्हणजे छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते त्या सुमारास बसवलेली पट्टी आता कुठे संपत आली असती! ज्या आयुष्याचा आपल्याला उपयोगच नाही त्याचे पैसे आपण मोजतो आहोत, हे लक्षात घ्या. बरं, तो आकडाही दिवा विझेपर्यंतचा नसतो. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो, आणि तोही फक्त त्या चिमुकल्या दिव्याचा. त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर, जोडाच्या तारा, वरचं सिलिकॉनचं वेष्टण यांचा त्यात समावेश नाही. ड्रायव्हरमधले कपॅसिटर उष्णतेने सुकतात, आणि बंद डबीत, एप्रिलच्या उन्हात, मंगळुरी कौलांच्या शेजारी किती उष्णता असते ते आपल्याला कोणी सांगायला नको.

आपल्याकडे पट्टी जळून मरत नाही, कुजून मरते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. वर खारा वारा. डबीवर आयपी ६५ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि पाण्याचा झोत सोसतो, एवढाच. ऊन आणि मीठ याबद्दल तो आकडा काहीही बोलत नाही. म्हणूनच तर ५०,००० तासांचं आयुष्य सांगणारा माणूस हमी मात्र दोन वर्षांची देतो. त्याला कळतं, आपल्याला कळत नाही!

ही कल्पना मुळात अमेरिकेतली. तिकडे डिसेंबरच्या थंडीत, बर्फ पडलेल्या उतरत्या छपरावर शिडी लावायची म्हणजे जिवावरचं काम, आणि मजुरी महाग. दरवर्षी दिवे लावायला आणि उतरवायला माणसं बोलवणाऱ्याला कायमची पट्टी परवडूही शकते. त्यांचं गणित त्यांच्या छपरासाठी. आपण नुसतं उत्तर उतरवून घेतलं.

आता आमच्या देवळाला आलेलं कोटेशन बघा. (नाव घेत नाही. कंपनीचंही नाही, देवळाचंही नाही.) बसवण्याचा खर्च ४,८०,००० रुपये. सध्या जत्रा, दिवाळी वगैरे मिळून डेकोरेटरला वर्षाला ६०,००० द्यावे लागतात. विक्रेत्याने फळ्यावर भागाकार केला, "आठ वर्षांत वसूल, पुढे सगळं फुकट." कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं आहे की हमी संपल्यावर देखभालीचा करार वर्षाला दहा टक्के. म्हणजे ४८,०००. पहिल्या दोन वर्षांत वाचले १,२०,०००. राहिले ३,६०,०००. तिसऱ्या वर्षापासून वाचणार साठ वजा अठ्ठेचाळीस, म्हणजे बारा हजार. वसूल व्हायला आणखी तीस वर्षं! आठ नव्हे, बत्तीस. तोवर त्या पट्टीचं काय उरेल?

विजेचं बिल किरकोळ म्हणतात. तेही बघू. एक किलोवॅटची रोषणाई १५० तास चालली तर १५० युनिट. पण मोबाईलवरून चालायची तर तिचे कंट्रोलर आणि ड्रायव्हर चोवीस तास जागे राहायला हवेत. सगळे मिळून २० वॅट धरा. वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे १७५ युनिट. सणाला जेवढी वीज लागते त्याहून जास्त सणाची वाट बघण्यात जाते! मेन स्विच बंद ठेवला तर हे वाचतं, पण मग मोबाईलची मिजास कशाला? आणि खरं सांगायचं तर ती बंद राहतच नाही. "बसवलीच आहे तर पेटू दे की" म्हणत रोज पाच तास पेटते, आणि ते होतात वर्षाला १,८२५ युनिट. मोरजी, आगोंद, गालजीबागच्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं उजेडाने भरकटतात, हा आणखी वेगळा विषय. तिथे तरी कायमच्या दिव्यांचा मोह नको.

सरकारी आणि निमसरकारी कामांत तर वेगळीच गंमत. बसवण्याचा खर्च भांडवली, त्याला एकदाच मंजुरी, उद्घाटन, फोटो. देखभालीचा खर्च दुसऱ्या हेडखाली, दरवर्षी मागायचा आणि बहुधा न मिळणारा. कंत्राटदाराची जबाबदारी संपते आणि नंतरच्या पावसात एकेक तुकडा विझायला लागतो. फाईल मात्र पूर्ण झालेली असते. मग खांबावर अर्धं कमळ, दीड चांदणी आणि लोंबणारी तार असा देखावा वर्षानुवर्षं राहतो. काढून टाकायचंही एस्टिमेट लागतं ना!

डेकोरेटरची बाजू घेतोय असं समजू नका. आठ वर्षांत तो ४,८०,००० नेतो, आणि त्याची टेप गुंडाळलेली वायर ओल्या दगडावर पडलेली बघून माझ्या पोटात गोळा येतो. पण या दोघांपलीकडे तिसरी वाट आहे आणि ती आपल्या पूर्वजांनी दगडात बांधून ठेवली आहे.

मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ बघा. स्तंभ कायमचा, दिवे ठेवायची जागा कायमची. पणती, वात आणि तेल मात्र त्या रात्रीपुरतं. त्रिपुरारी पौर्णिमेला उजळायचं आणि एरवी पांढराशुभ्र उभं राहायचं. चवथीच्या माटोळीचंही तसंच. अनेक घरांत लाकडी चौकट वर्षभर आढ्याला असते, पण कांगलां, माट्टुळां, नारळ, सुपारीचे घोस त्या वर्षीचे, ताजे बांधायचे. कोणी प्लास्टिकची फळं कायमची बांधून "कटकट संपली" म्हणालं तर घरातली म्हातारी त्याला उभा करील का?

तेच विजेला लावा. आकडे, पाइपातून नेलेली वायर, झाकणाचे सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरला तुटणारा आरसीसीबी हे सगळं एकदाच आणि चांगल्या दर्जाचं. आमच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलेला अंदाज ७०,०००. स्वतःच्या माळा ४०,००० च्या, चार वर्षांनी पुन्हा तेवढ्याच. लावणे आणि उतरवणे वर्षाला १५,०००, तेही गावातल्याच पोरांना. आठ वर्षांचे होतात २,७०,०००. कायमच्या पट्टीचे देखभालीसह ७,६८,०००. माळ बिघडली तर एक माळ बदलायची. पट्टी बिघडली तर पाच वर्षांनी तोच रंग, तोच ड्रायव्हर मिळेल याची खात्री कोण देणार? उतरवलेल्या माळा पुसून, सुकवून, गोणपाटात न कोंबता डब्यात ठेवल्या की चार वर्षं सहज जातात. हे डबे ठेवायला जागा नाही असं कोणी म्हणालं तर तो आळस आहे, अडचण नव्हे.

आमच्या अग्रशाळेचं छप्पर दोन पावसाळे गळतं आहे. जत्रेला आलेली माणसं बादल्या लावून झोपतात. त्यासाठी पैसे नाहीत आणि शिखरावरच्या एक कोटी साठ लाख रंगांसाठी आहेत. पुढच्या रविवारी बैठक आहे. कोटेशनच्या शेवटच्या पानाच्या पंचवीस झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत, बारीक अक्षर मोठं करून.