घोडनदीची वस्ती

पेशवाईच्या अखेरच्या काळात घोड नदीच्या तीरावर इंग्रजांची छावणी पडली नसती, तर शिरूर हे इतर खेड्यांसारखेच एक खेडे राहिले असते. परंतु 31 डिसेंबर 1817 च्या रात्री ज्या ठाण्यावरून कॅप्टन स्टॉन्टन सुमारे आठशे शिपायांनिशी पुण्याकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावी पेशव्यांच्या फौजेपुढे अडला, त्या ठाण्याच्या आश्रयाने येथे पेठ वाढली, सावकारी रुजली, 1868 साली नगरपालिका स्थापन झाली आणि 1901 च्या खानेसुमारीत वस्ती सात हजारांच्या घरात गेली. त्या सावकारीचे कटू फळही लवकरच दिसले, कारण 1875 च्या दंग्यांची नांदी ठरलेला बहिष्कार याच तालुक्यातील करडे गावी सुरू झाला. मात्र मला अधिक नवल वाटते ते कर्नल वॉलेसच्या थडग्याचे: 1809 साली निवर्तलेल्या या परकीय अंमलदारास लोक ‘सत्पुरुष’ मानू लागले, आणि सुगीच्या दिवसांत घरोघरचा नैवेद्य त्याच्या समाधीस जात असे, अशी नोंद खुद्द सरकारी गॅझेटियरात आहे. शेजारच्या दौंडास 1878 साली मनमाडचा लोहमार्ग मिळून जंक्शनाचे भाग्य लाभले. शिरूरला आगगाडी अद्याप आलेली नाही.