पडवळ माझं, चिठ्ठी कुणाच्या नावाची?



बदलापूरच्या आमच्या घरामागे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी जागा आहे. तिथे बांबूचा मांडव घालून मी दर पावसाळ्यात पडवळाचा वेल चढवते. काही वर्षांपूर्वी त्या वेलावरचं एक पडवळ वाढता वाढता पाच फूट दोन इंच झालं. आमच्या भागातल्या एका संस्थेनं नवरात्रात भाजीपाल्याचं प्रदर्शन भरवलं होतं. तिथे ‘सर्वात लांब फळभाजी’ या गटात त्या पडवळाला पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे, माझ्या नवऱ्याला मिळालं.

यात कुणी माझी फसवणूक केली नव्हती. अर्ज मी स्वतःच भरला होता. ‘बागायतदाराचं नाव’ असा रकाना होता. घर नवऱ्याच्या नावावर, घरामागची जागा त्याच्या नावावर, तेव्हा माझ्या हातानं आपोआप त्याचं नाव लिहिलं. क्षणभरही थांबावंसं वाटलं नाही. पंधरा-वीस वर्षं बायकांच्या शिबिरांना जाणारी, सभांमधून बोलणारी मी! म्हणून आधी ही माझीच चूक तुमच्यापुढे मांडते आणि मग पुढे जाते.

बक्षीस समारंभात परीक्षकांनी माईकवरून नवऱ्याला कौतुकानं विचारलं, “साहेब, दगड केव्हा बांधलात?”

पडवळ लावणाऱ्या बाईला हा प्रश्न कळेल. पडवळ नुसतं सोडलं तर ते सापासारखं वेटोळं घेतं. सरळ आणि लांब व्हायला हवं असेल तर ते वीतभर असतानाच त्याच्या टोकाला सुतळीनं लहानसा दगड बांधायचा. दगड हलका झाला तर पडवळ वळतं, जड झाला तर देठ तुटतो. पडवळ वाढेल तसा दगड बदलावा लागतो. हे हाताला कळतं, पुस्तकात वाचून येत नाही.

नवऱ्यानं प्रेक्षकांत बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी जागेवरूनच ओरडले, “वीतभर झालं तेव्हा!” सगळा मांडव हसला. नवराही हसला. खताबद्दल विचारलं, पुन्हा तसंच. मग फोटोसाठी मला वर बोलावलं, पडवळाचं दुसरं टोक धरायला. शाल आणि फवारणीचा पंप नवऱ्याच्या हातात, पडवळाचं शेपूट माझ्या हातात. तो फोटो आजही घरात आहे.

त्या हसण्याचा मी पुढे बरेच दिवस विचार करत होते. मांडवातल्या प्रत्येकाला कळलं होतं की हे पडवळ कुणी वाढवलं. कुणाला खोटं बोलावं लागलं नाही, कुणाला काही लपवावं लागलं नाही. सगळ्यांना माहीत असूनही चिठ्ठी बदलली नाही. आपल्या श्रमांचं नेमकं हेच होतं. ते कुणाला दिसत नाहीत असं नाही. दिसतात, पण कागदावर येत नाहीत.

काय श्रम असतात ते एकदा लिहूनच काढते. मृगाच्या आधी आळं खणून शेणखत घालायचं. बी रात्रभर भिजवून टोचायचं. वेल मांडवावर गेला की आडवे फुटवे खुडायचे. पडवळाचं पांढरं, झालरीचं फूल संध्याकाळनंतर उमलतं आणि त्याचं परागीकरण रात्रीचे पतंग करतात. आमच्याकडे इमारती वाढल्या, दिवे वाढले, पतंग कमी दिसू लागले. मग नरफूल खुडून मादीफुलाला हातानं लावावं लागतं. ही वेळ कोणती? मुंबईहून सुटलेल्या लोकल बदलापूरला रिकाम्या होतात ती. घरात कुकर लावलेला, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचं औषध, आणि त्यातच दोन शिट्ट्यांच्या मध्ये मी मागे जाऊन फुलं लावून येते. एकच पडवळ लांब करायचं तर त्या वेलावरची बाकीची कोवळी फळं काढून टाकायची, म्हणजे सगळा जोर त्या एकात जातो. शेवटच्या आठवड्यात ते जमिनीला टेकेल म्हणून त्याच्याखाली मी खड्डा खणला होता.

आता कुणी म्हणेल, एवढंसं पडवळ, हौसेचा मामला, त्यात कसला आला स्त्री-मुक्तीचा प्रश्न? मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून पुढच्या वर्षी मी अर्जावर माझं नाव घातलं. टेबलावरच्या माणसानं अर्ज परत केला. सोबत जागेच्या मालकीचा पुरावा हवा होता, सातबारा किंवा घरपट्टीची पावती. “ताई, पावती साहेबांच्या नावावर आहे. त्यांचंच नाव टाका ना. घरातल्या घरातच तर आहे.”

घरातल्या घरातच! हा शब्द तुम्ही किती वेळा ऐकलाय? बक्षीस घरातल्या घरात, पगार घरातल्या घरात, मारही घरातल्या घरात.

त्या वर्षी माझं पडवळ प्रदर्शनात गेलं नाही. मी ते वेलावरच पिकू दिलं. ते केशरी झालं, फुटलं, आतला लाल गर दिसला आणि मी बी धरलं.

मग मी आमच्या गटातल्या बायकांना विचारायला लागले. आमचा गट उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांतल्या बायकांचा. तीन स्टेशनं लागोपाठची, पण जागेची गोष्ट प्रत्येक ठिकाणी वेगळी. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधली एक सिंधी मैत्रीण गच्चीवर प्लास्टिकच्या पिंपांत दुधी आणि तोरी वाढवते. घर सासऱ्यांच्या नावावर होतं, ते गेल्यावर मुलाच्या नावावर झालं. मधल्या पिढीतली ही बाई कागदाच्या मधूनच गळली. अंबरनाथची एकजण चाळीत भाड्यानं राहते. तिनं पत्र्यावर चढवलेल्या वेलाचा साडेतीन फुटी दुधी घरमालकाच्या मुलाच्या नावानं प्रदर्शनात गेला. बारवी धरणाच्या रस्त्याला एका गावात राहणारी तिसरी तर सबंध वाडी एकटी बघते. तिच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यात एकही बाई नाही. ती म्हणाली, “वहिनी, लावला मीच, पन नाव त्यांचाच असतं ना!” तिच्या आवाजात तक्रारही नव्हती.

तिघींशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. तिघींनाही मी विचारलं, बी कुठून आणलं? एकीनं आईकडून, एकीनं नणंदेकडून, एकीनं शेजारणीकडून. माझं पडवळाचं बी कर्जतच्या माहेरून आलेलं, आईला ते तिच्या आईनं दिलेलं. म्हणजे बी बायकांच्या हातून खाली येतं आणि जमीन पुरुषांच्या नावानं खाली येते. स्पर्धेच्या अर्जात जमिनीला रकाना आहे, बियाला नाही.

आपल्या परंपरेला श्रम मोजता येत नाहीत असंही नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हातानं पिकवलेलंच खायचं असा दंडक आहे. त्या दिवशीच्या भाजीत पडवळ लागतंच. हा उपास बायकांच्या माथी पाळीच्या ‘विटाळा’चं पाप फेडण्यासाठी मारलेला आहे, म्हणून मी तो कधीच सोडला. पण गंमत बघा, वर्षातून एक दिवस का होईना, बैलाच्या कष्टाची आठवण ठेवली जाते. हातानं पिकवणारी बाई मात्र त्याच दिवशी पापाची धनी ठरते.

गल्लीतल्या प्रदर्शनाची ही गोष्ट वरपर्यंत तशीच जाते. राज्याच्या कृषी विभागाची पीकस्पर्धा आहे. भात, ज्वारी, तूर, हरभरा अशा पिकांची. त्यात भाग घ्यायचा तर जमीन स्वतःच्या नावावर हवी आणि ती स्वतः कसत असायला हवी. दोन्ही अटी एकत्र. कसणं बाईचं आणि नाव बाप्याचं असेल तिथे बाई पहिल्या अटीतच बाद होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहितीदारांत बायका जेमतेम १४ टक्के. मग उरलेल्या शेतांत लावणी, खुरपणी, काढणी कोण करतं? जनगणनेच्या प्रश्नावलीत शेतातल्या आणि घरच्या धंद्यातल्या बिनमोबदला कामाचा स्पष्ट उल्लेख यायलासुद्धा १९९१ साल उजाडावं लागलं.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेनं शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. नवऱ्यानं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, अशी ती कल्पना. १९९२ साली शासनानं त्याच नावाचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. पण अर्ज करायचा नवऱ्यानं! मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. कायदा आला, पण हक्कसोड पत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही आपल्या ओळखीत आहेत.

आमच्या गटात एक मैत्रीण म्हणाली, “मुळात या लांबीच्या स्पर्धा कशाला हव्यात? हा पुरुषी सोस. एवढं लांब पडवळ निबर होतं, खायच्या कामाचं राहत नाही.” तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अमेरिका-कॅनडात मोठ्या भोपळ्यांच्या स्पर्धा होतात, तिथे लांब दुधीचा वेगळा गट असतो आणि बारा फुटांवरचे दुधीही तिथे मोजले गेलेत. त्यांचा कुणी हलवा करत नाही. पण मला त्या पडवळाचा आनंद झाला होता, तो मी का नाकारू? रोज सकाळी उठून मी टेप लावत होते. आपण आयुष्यभर उपयोगाचंच करत आलो. एखादी गोष्ट केवळ किती वाढते ते बघायला वाढवावी, ही हौस पुरुषाला शोभते आणि बाईला नाही, असं कुणी ठरवलं? स्पर्धा बंद करा असं माझं म्हणणं नाही. ती आपल्याही नावानं होऊ द्या.

आणि नाव मिळालं की काय होतं तेही आपण पाहिलंय. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावठी बियाणं जपत राहिल्या. शाळेत न गेलेली ही आदिवासी बाई. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा चुलीमागच्या गाडग्यातलं बी एकदम ‘ज्ञान’ झालं. बी तेच होतं. त्याच्याशेजारी बाईचं नाव लागलं, एवढाच फरक.

म्हणून आमच्या गटानं आपल्या भागात प्रदर्शनं भरवणाऱ्यांना द्यायला एक साधं पत्र लिहिलंय. त्यात तीनच मागण्या आहेत. अर्जावर ‘जागा कुणाची’ आणि ‘वाढवलं कुणी’ असे दोन वेगळे रकाने असावेत, आणि बक्षीस दुसऱ्या रकान्यातल्या माणसाला मिळावं. भाड्यानं राहणारीला, गच्चीत पिंपात वेल लावणारीला मालकीचा कागद मागू नये. आणि लांबीसारखाच एक गट घरच्या, वर्षानुवर्षं धरलेल्या बियाचा असावा, त्यात बी कुणाकडून आलं ते लिहायला जागा असावी.

नवऱ्याला हे पत्र वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “सही करू का मीपण?” केली. मी म्हटलं, आता घरपट्टीवर माझं नाव लावायचा अर्जही आणते, त्यावरही कर. त्यावर मात्र “बघू” म्हणाला. तो अर्ज मी आणलाय. टीव्हीच्या टेबलावर, बक्षिसाच्या फोटोशेजारी ठेवलाय.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. भाषणं होतील, सत्कार होतील. तुम्ही एवढंच करा. घरातला एखादा अर्ज, एखादी पावती, एखादी चिठ्ठी हातात आली की लिहिण्याआधी हात क्षणभर थांबवा आणि विचारा, हे वाढवलं कुणी? मग ते नाव लिहा. ते तुमचं असेल तर लाजू नका. आणि तुमच्याकडे काय उत्तर मिळालं, ते अंकाला जरूर कळवा.

माझ्याकडे या वर्षीचं पडवळाचं बी आहे. हवं असेल तिनं मागावं. सातबारा लागणार नाही.