पहिली मात्रा कुठे द्यायची?

ऑगस्टमधली कोणतीही रात्र घ्या. बाहेर पाऊस, घरात जमिनीवर अंथरलेली वाकळ आणि तिच्यावर ओळीने झोपलेली मुले. पहाटे तीनच्या सुमारास आठ-नऊ वर्षांची मुलगी पोटात कळ येते म्हणून रडत उठते. आईला वाटते, काहीतरी बाधले असेल. ओवा आणि कोमट पाणी दिले जाते. तासाभरात मुलीच्या पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, तोंडातली लाळ गिळता येत नाही. तेव्हा कुठे आजी विचारते, अंथरुणात काही चावले तर नाही ना? दिव्याच्या उजेडात अंग तपासले तरी खूण सापडत नाही. मण्यार अशीच चावते. दात बारीक, सूज नाही आणि वेदना इतकी थोडी की झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

शेजाऱ्याची जीप निघते आणि वीस-पंचवीस मिनिटांत प्राथमिक आरोग्य केंद्र गाठते. त्या रात्री तिथे डॉक्टर हजर आहेत, वीजही आहे. शीतपेटीत सर्पदंशावरच्या लसीच्या कुप्या आहेत. डॉक्टर मुलीला पाहतात, सलाइन लावतात, एक चिठ्ठी लिहितात आणि रुग्णवाहिका बोलावतात. ग्रामीण रुग्णालयात त्या चिठ्ठीला दुसरी चिठ्ठी जोडली जाते. जिल्ह्याच्या अलीकडे पंधरा-वीस किलोमीटरवर मुलीचा श्वास थांबतो. शीतपेटीतल्या कुप्या शीतपेटीतच राहतात.

ही कोणा एका गावाची गोष्ट नाही. पावसाळ्यात जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अतिदक्षता विभागात रात्रपाळी केलेल्या कोणत्याही डॉक्टरला ती तोंडपाठ असते. तपशील तेवढे बदलतात. कधी मण्यारीऐवजी घोणस असते, कधी मुलीऐवजी भाताच्या खाचरात उतरलेला बाप.

भारतात सर्पदंशाने किती माणसे मरतात, याचा सर्वांत भरवशाचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. घरोघरी जाऊन केलेल्या मृत्यूंच्या चौकशीवर तो आधारलेला आहे. २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले पाव भागाहून अधिक पंधरा वर्षांखालच्या मुलांचे आणि निम्मे पावसाळ्यातले. बहुतेक मृत्यू खेड्यात आणि घरीच झालेले. रुग्णालयांच्या नोंदींत यातला अगदी थोडा भाग दिसतो, कारण जो रुग्णालयात पोहोचलाच नाही तो नोंदवहीत येणार कसा? जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रत्येक सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी असे राज्यांना कळवले. हे सगळे चांगलेच झाले. पण त्या मुलीचा जीव आराखड्याअभावी गेलेला नाही आणि औषधाअभावीही नाही. औषध तिच्यापासून दहा पावलांवर होते.

या औषधाला आपण सवयीने लस म्हणतो. खरे तर ती लस नव्हे. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढतात, तेच हे प्रतिविष. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे कोणता साप चावला हे ठरवत बसायची गरज नसते. (कोकणातल्या चापड्यावर मात्र ते चालत नाही, हे तिथल्या डॉक्टरांना ठाऊक असते.) त्यासाठी लागणारे बहुतांश विष तमिळनाडूतल्या इरुळा समाजाची सहकारी संस्था पुरवते. एकाच भागातल्या सापांच्या विषावर बेतलेले औषध देशभर सारखेच गुणकारी ठरेल का, हा शास्त्रज्ञांनी उपस्थित केलेला प्रश्न रास्त आहे आणि त्यावर काम व्हायला हवे. पण कुपी उघडलीच जात नाही तिथे हा प्रश्न पुढचा.

प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. जे विष मज्जातंतूंच्या टोकांना जाऊन चिकटले आणि ती टोके ज्याने निकामी केली, त्याच्यापुढे ते हतबल असते. मण्यारीच्या दंशात हे फार लवकर घडते. मग मज्जातंतू पूर्ववत होईपर्यंत, कधी कधी कित्येक दिवस, कृत्रिम श्वासावर थांबण्यावाचून इलाज नसतो. असे रुग्ण पुढे पूर्ण बरे होऊन चालत घरी जातात. अट एकच, मधल्या काळात श्वास तुटता कामा नये. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती घालवते. घोणशीच्या दंशात उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होतात आणि कर्ता माणूस डायलिसिसवर येतो. वाचलेल्यांच्या या हालांची गणती तर ५८ हजारांत धरलेलीच नाही.

प्रत्येक दंशाला प्रतिविष द्यायचे नसते. कितीतरी साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. पण विषबाधा ओळखायला यंत्रसामग्री लागत नाही. पापण्या पडतात का, मान उचलता येते का, श्वास उथळ झालाय का, हे डोळ्यांनी दिसते. रक्तासाठी काचेची स्वच्छ, कोरडी नळी पुरते. तिच्यात दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग तिरकी करून पाहायचे. रक्त पाण्यासारखे वाहिले तर औषध सुरू करायचे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या उपचार सूचनांनुसार विषबाधेची लक्षणे दिसली की पहिली मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रातच द्यायची आणि मगच गरज असेल तर पुढे पाठवायचे. आठ ते दहा कुप्या सलाइनमधून, तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप समोरच्याचे वजन पाहून विष सोडत नाही.

मग कुप्या उघडत का नाहीत? डॉक्टर निष्काळजी असतात, हे उत्तर सोपे आहे आणि बहुतेक वेळा चुकीचे. घोड्याची प्रथिने माणसाच्या शरीरात गेल्यावर अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, क्वचित रक्तदाब कोसळतो. त्यावर अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा खात्रीचा उतारा आहे आणि ते प्रत्येक केंद्रात असते. पण ज्याला पदवीच्या काळात सर्पदंशावर एखादे व्याख्यान मिळाले आणि रक्तदाब कोसळलेला रुग्ण ज्याने एकट्याने कधी सांभाळला नाही, त्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या कंत्राटी डॉक्टरला रात्री साडेचारला या खात्रीचा काय उपयोग? दारात तीस-चाळीस माणसे उभी असतात. सोबत एक परिचारिका आणि एक शिपाई. औषध दिल्यावर मुलगी दगावली तर औषधाने दगावली, असेच म्हटले जाणार आणि काचा फुटणार. पुढे पाठवली आणि वाटेत दगावली, तर दैव. चौकशी दिलेल्या औषधाची होते, न दिलेल्याची होत नाही. अशा व्यवस्थेत चिठ्ठी लिहिणे हाच शहाणपणा ठरतो आणि तो प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्याच पावसाळ्यात शिकतो. त्यात कुप्यांच्या हिशेबाची धास्ती वेगळी. एका रुग्णाला दहा गेल्या आणि दुसरा आला तर?

हे बदलता येते, याचा पुरावा परदेशात शोधायची गरज नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरचे काम सुरू केले ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. लाल विंचवाच्या दंशाने हृदय आणि फुप्फुसे कशी निकामी होतात हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपले, ‘लॅन्सेट’मध्ये मांडले आणि प्राझोसिन नावाची रक्तदाबाची स्वस्त गोळी वेळेवर दिली तर माणूस वाचतो हे दाखवले. कोकणात विंचवाने होणारे मृत्यू त्यानंतर झपाट्याने घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथे औषधाइतकेच महत्त्वाचे ठरले ते औषध देण्याचे ठिकाण. ते गावाजवळ दिले गेले आणि देणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे नेमके माहीत होते.

सर्पदंशात प्राथमिक केंद्राच्या डॉक्टरला एकटे न सोडणे हेच पहिले काम आहे. जिल्हा रुग्णालयातला एक फिजिशियन पावसाळ्याचे चार महिने रात्री फोनवर हवा. ‘दहा कुप्या सुरू करा, मी सांगतो म्हणून लिहा’ एवढे एक वाक्य वरून आले, तरी खालच्या हाताचा थरकाप निम्मा होतो. दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक डॉक्टर आणि परिचारिकेला जिल्हा रुग्णालयात आणून अॅड्रेनॅलिन कधी आणि किती द्यायचे, अँब्यू बॅगने श्वास कसा चालू ठेवायचा, याचा हाताने सराव करून घ्यायला हवा. परिपत्रक वाचून तो होत नाही. आणि सर्पदंशाच्या प्रत्येक मृत्यूत पहिली मात्रा किती वाजता आणि कुठे दिली, हे विचारले गेले पाहिजे. मातामृत्यूंच्या बाबतीत आपण अशी चौकशी वर्षानुवर्षे करतो आहोत.

गावाच्या हातातही काही आहे. भगताकडे गेलेला तास परत मिळत नाही. आवळून बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे यांनी फक्त नुकसान होते. दंशाचा हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा, अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत, रुग्णाला चालवू नये, १०८ ला फोन करावा. साप मारून पिशवीतून आणण्यात वेळ दवडू नये. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपले तर मण्यारीची वाट बरीचशी बंद होते. पण हे सांगताना डॉक्टर मंडळी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. ज्या घरात पाच माणसे आणि एक खाट आहे, तिथे खाटेवर आजारी म्हातारी झोपते आणि मुले जमिनीवर.

पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीवर नाव, वय, गाव आणि निदान असते. बहुतेक ठिकाणी ‘पहिली मात्रा: किती कुप्या, किती वाजता, दिली नसल्यास कारण’ असा रकाना नसतो. तो छापायला निधी लागत नाही की मंत्रिमंडळाचा निर्णय. तोवर नातेवाइकांनी जीपमध्ये बसण्याआधी हेच तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून मागावे, आवाज न चढवता. समोरचा डॉक्टरही घाबरलेलाच असतो.