बिरसीची धावपट्टी आणि अकरावीचा अर्ज

गोंदियाहून बिरसीच्या वाटेला लागले की सकाळी डोक्यावर लहान विमाने घिरट्या घालताना दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. ती पुढे औद्योगिक विकास महामंडळाकडे आली आणि २००५ नंतर विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. आज तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. मार्च २०२२ पासून, मधले खंड सोडले तर, प्रवासी विमानेही उतरतात. देशभरातली मुले बिरसीला येऊन विमान चालवायला शिकतात. बिरसी-कामठ्याची मुले धानाच्या बांधीत उभी राहून तीच विमाने मोजतात.

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या मदत कक्षात बसले की दरवर्षी एकदोन मुले विचारतात, "मॅडम, पायलट व्हायला काय लागते?" पैसा लागतो, तो लाखांत लागतो. तब्येत लागते, दोनशे तासांचे उड्डाण लागते. पण या सगळ्याच्या आधी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. हा नियम सैल करण्याची चर्चा २०२५ मध्ये सुरू झाली खरी, पण चर्चेच्या भरवशावर कोणी विषय निवडू नये. विचारणाऱ्या मुलाने बहुतेकदा गणित अकरावीतच सोडलेले असते. का सोडले, तर मित्राने सोडले म्हणून. किंवा घरी कोणीतरी सांगितले, "डॉक्टर व्हायचे तर गणित कशाला?"

पायलट सगळ्यांना व्हायचे नसते, आणि ती फी भरणारी घरे आपल्याकडे किती, हे सांगायला नको. पण त्याच विमानतळावर मनोऱ्यात बसून विमानांना वाट दाखवणारा अधिकारी असतो. त्या पदासाठी भौतिकशास्त्र आणि गणितासह बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. विमानाची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याच्या शिक्षणाला बारावीचे गणित लागते. ज्या गावाने धावपट्टीसाठी जमीन दिली, त्या गावातल्या मुलाला कुंपणाच्या आत कोणते काम मिळणार, हे बऱ्याच अंशी वयाच्या सोळाव्या वर्षी अर्जावर केलेल्या एका खुणेने ठरते. आणि ती खूण करताना त्याच्या शेजारी कोण बसलेले असते? सायबर कॅफेवाला.

माझे म्हणणे एवढेच आहे की कॉलेजची तयारी बारावीच्या निकालानंतर सुरू होत नाही. ती नववी-दहावीत व्हायला हवी, आणि ती एकट्या मुलाने करायची गोष्ट नाही. आपल्या भागात मुले हुशारीत कमी पडतात असे मला वीस वर्षांत वाटलेले नाही. कमी पडते ती माहिती, तीही वेळेवर मिळणारी.

गणिताबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण घोळ तिथेच होतो. विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेता येतात. अभ्यास जास्त पडतो हे खरे, पण राज्याच्या सीईटीचे दोन्ही गट उघडे राहतात. जीवशास्त्र सोडले तर डॉक्टरीचे आणि बी.एस्सी. नर्सिंगचे दार बंद. गणित सोडले तर अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, विमानवाहतूक ही दारे बंद. फार्मसी आणि कृषीला दोन्हीपैकी एक चालते. मुलींच्या बाबतीत गणित जास्त सहज सुटते, हे मी हिंदू घरांतही पाहते आणि मुसलमान घरांतही. "तिला कुठे इंजिनियर व्हायचे आहे?" असे म्हणणाऱ्या आईने हा प्रश्न मुलीला विचारलेला नसतो. गणित सुटलेच असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून तो एक विषय नंतर देता येतो, पण ती मागून केलेली धावाधाव आहे.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती मला जवळून माहीत आहे. मी स्वतः उर्दू आणि मराठी दोन्हींत वाढले. उर्दू शाळेतली मुलगी दहावीपर्यंत त्रिकोणाला मुसल्लस म्हणते, अपूर्णांकाला कसर, बलाला कुव्वत, त्वरणाला इस्राअ. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगा मराठी शब्द शिकतो, पण त्याच्या घरात पोवारी, गोंडी किंवा हिंदी बोलली जाते. दोघेही अकरावी सायन्सच्या पहिल्या तासाला बसतात आणि फळ्यावर सगळे इंग्रजीत उतरू लागते. बल कळलेले असते, 'फोर्स' कळत नाही. दोन आठवडे मूल गप्प बसते. शिक्षकांना वाटते कच्चे आहे. मुलालाही तसेच वाटू लागते. दिवाळीपर्यंत ते शाखा बदलायची भाषा करते. हुशार मुले अशी हातची जाताना पाहून जीव तुटतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. दहावीचा शेवटचा पेपर आणि अकरावीचा पहिला तास यांत काही महिने मिळतात. एक दोनशे पानी वही घ्या. एका बाजूला उर्दू किंवा मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द. दहावीच्याच विज्ञान-गणिताच्या पुस्तकांतले. रोज दहा लिहिले तरी सुट्टीत सहाशेच्या वर होतात, आणि अकरावीचे पहिले काही महिने त्यावर निघतात. नवीन काही शिकायचे नाही, जे येते त्याचे इंग्रजी नाव शिकायचे. महागडा 'फाउंडेशन कोर्स' लावण्याआधी हे करून पाहा. ज्यांना परवडतो त्यांनी तो जरूर लावावा. पण शिकवणी लावली म्हणजे तयारी झाली, हा आपल्या शहरातला समज मला पटत नाही.

आता कागदपत्रे. हा विषय रटाळ आहे, पण जून-जुलैत सगळ्यात जास्त रडारड यावरूनच होते. मुलाला गुण असतात, जागा असते, आणि जात वैधता नसते. जातीचा दाखला वेगळा, त्याची पडताळणी वेगळी, हे पुष्कळ पालकांना प्रवेशाच्या वेळी कळते. पडताळणीला महिने लागतात. अकरावीत विज्ञान घेतले की त्याच वर्षी तो अर्ज गेला पाहिजे. आदिवासी मुलांची पडताळणी समिती वेगळी असते, तिथे वेळ आणखी हाताशी ठेवावा. विमानतळात किंवा धरणात जमीन गेलेल्या घरांनी प्रकल्पग्रस्ताचा दाखलाही काढून ठेवावा, सरकारी नोकरभरतीत त्यासाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे.

मुसलमान घरांत एक वेगळीच गाठ असते. मोमीन, पिंजारी, बागवान, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. मग आजोबांच्या भावाचा दाखला, आत्याचा दाखला, जुने खरेदीखत, जिथे बिरादरीचे नाव आले असेल तो कागद शोधत फिरावे लागते. हा शोध आठ दिवसांत होत नाही. मूल नववीत असताना मामा-चाचांनी बसून करायचे हे काम आहे. ईदला सगळे घरी येतातच, तेव्हा शिरखुर्म्याबरोबर हा विषयही काढा.

नावांचेही तसेच. आधारवर 'मोहम्मद', शाळेत 'मो.', जन्मदाखल्यावर 'महंमद'. शेख कुठे आधी, कुठे नंतर. बोर्डाचे प्रमाणपत्र हातात आले की दुरुस्ती फार जड जाते. दहावीचा अर्ज भरण्याआधी, म्हणजे नववीतच, शाळेच्या रजिस्टरातले नाव आणि आधारवरचे नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्या घराचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. कोणी एजंट "लगेच सीट पक्की करतो" म्हणून व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश देत असेल, तर ती माफी तिथेच गेली. "मुलीच्या शिक्षणावर एवढा खर्च कसा करायचा?" असे म्हणणाऱ्या वडिलांना मी हा निर्णय दाखवते. काही जण तरीही नाही म्हणतात. तेव्हा निदान कळते की अडचण पैशांची नव्हती.

सध्या परीक्षा आणि रमजान एकत्र आले आहेत. पेपरच्या दिवशी रोजा ठेवायचा की नाही, हा त्या त्या घराचा आणि त्यांच्या मौलानांचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. झोपेबद्दल मात्र बोलते. तरावीहनंतर मोबाइल घेऊन सहेरीपर्यंत जागणारी मुले परीक्षेच्या हॉलमध्ये डुलक्या घेतात. तेच मूल तरावीहनंतर झोपले, तर सहेरी आणि फजरनंतरचे दोन तास वर्षातले सर्वांत शांत तास असतात. घर उठलेले असते, पण गल्ली झोपलेली असते. आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, तुमच्या सहेरीच्या भांड्यांच्या आवाजाने आमचाही मुलगा अभ्यासाला उठतो. रमजानचा हाही एक शेजारधर्म!

या महिन्यात जकात निघते, बचतीच्या अडीच टक्के. बहुतेक रेशन आणि कपड्यांत जाते. ते थांबवावे असे मी म्हणत नाही, भूक आधी. पण गरजू विद्यार्थ्याला ती देता येते, आणि सीईटीचे शुल्क, पडताळणीसाठीच्या चकरा, एस.टी.चा पास ही रक्कम एका घराला मोठी असली तरी मोहल्ल्याला नाही. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून त्यातला काही हिस्सा यासाठी बाजूला काढावा. पैसे नसलेल्यांकडे वेळ असतो. इफ्तार पार्ट्यांचे फोटो आता पुरेसे झाले. एखाद्या रविवारी असरनंतर उर्दू शाळेत एक टेबल मांडून कॉलेजात शिकणाऱ्या चार मुलांनी दहावीच्या पालकांशी बोलावे. असेच टेबल बिरसीच्या ग्रामपंचायतीत आणि कामठ्याच्या शाळेतही लागावे. जातीचे, धर्माचे पालक तिथे वेगळे बसण्याचे कारण नाही, अर्ज सगळ्यांचा एकच आहे.

आणि तो अर्ज आता ऑनलाइन आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच संकेतस्थळावरून होतात, दहापर्यंत कॉलेजे पसंतीक्रमाने टाकता येतात. कॅफेत अर्ज भरताना मोबाइल नंबर घरचाच द्या. कॅफेवाला सोय म्हणून स्वतःचा नंबर टाकतो, मग जागा लागल्याचा संदेश त्याच्या फोनवर येतो आणि मुदत निघून जाते. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. नॉन-क्रीमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते आणि उत्पन्नाचा दाखलाही नव्या वर्षाचा लागतो, तेव्हा ईद झाली की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सेतू केंद्रात जाऊन यावे. जूनमध्ये तिथे उभे राहायला जागा नसते. आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी मुलाच्या गणिताच्या शिक्षकांकडे पंधरा मिनिटे मागावीत. मुलाला सोबत न्यावे, आणि गणित ठेवायचे की सोडायचे, हे तिथे त्याच्यासमोरच विचारावे.