नुसत्या गप्पा हव्यात हो!

परवा आईचा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी एकदा सुरू करून पाहिला. ब्राउझरच्या डोक्यावर तीन-तीन टूलबार! २००६ साली दादा अमेरिकेत गेला, तेव्हा त्याच्याशी गप्पा मारता याव्यात म्हणून मीच एक मेसेंजर टाकला होता. घाईघाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलो. आधीच टिक केलेले चौकोन वाचतो कोण? एका पाहुण्याला बोलावलं, तो बिऱ्हाड घेऊन आला.

पुढे पिजिन मिळालं. मुक्त सॉफ्टवेअर. याहू, एमएसएन, जीटॉक सगळं एकाच खिडकीत. जाहिरात नाही, टूलबार नाही. आता ते मेसेंजरच राहिले नाहीत. याहूचा २०१८ मध्ये बंद झाला, आयसीक्यू २०२४ मध्ये.

पण बिऱ्हाड गेलं का? छे! आता ते अ‍ॅपच्या आतच राहतं... चॅनेल, खरेदी, न मागितलेला एआय. आणि नको म्हणायला बहुतेकदा तो टिकचा चौकोनही नसतो.

म्हणून माझं मत असं, की प्रोग्राम निवडताना आधी विचारावं, याचा खर्च कोण भागवतो? सिग्नल एक ना-नफा संस्था चालवते, तेही मुख्यतः देणग्यांवर. स्टोरीज त्यातही आहेत, पण बंद करता येतात.

आई म्हणाली, "अरे, पण तिथे आहे कोण?" खरंय. गप्पा माणसांशी असतात, प्रोग्रामशी नाही. म्हणून आधी तिला आणि दादाला तिथे आणलं. आमची रात्र, त्याची सकाळ, तिघांची बैठक रोज जमते.

असो. मावशी, आत्या, आता तुमचा नंबर!