फुकटच्या विजेचे चुंबक आणि चीनमध्ये अडलेले चुंबक

चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि एरवी शाळेच्या प्रयोगशाळेत आठवणारे लोहचुंबक एकाएकी उद्योगजगताच्या चर्चेत आले. त्याच वर्षी जुलैमध्ये बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी ऑगस्टमध्ये कंपनीचे विद्युत वाहनांचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असा इशारा दिला होता. चुंबकाअभावी पुण्यातील कारखाना अडू शकतो, हे त्यामुळे अनेकांना प्रथमच समजले. चुंबकाचे एवढे महत्त्व असेल तर थेट चुंबकावरच वीज का निर्माण करू नये, हा जुना प्रश्नही त्यासोबत पुन्हा डोके वर काढतो.

चाकावर चुंबकांची विशिष्ट रचना केली की ते आपोआप फिरत राहते, त्याला जनित्र जोडले की इंधनाविना वीज मिळते, असा हा दावा आहे. ऐकणाऱ्याला तो पटतो, कारण दोन चुंबकांची समान टोके जवळ आणताच हाताला जाणवणारा जोर वर्षानुवर्षे टिकतो. परंतु जोर म्हणजे ऊर्जा नव्हे. भिंतीतली खुंटी पिशवीचे ओझे कितीही वर्षे पेलते. म्हणून खुंटीतून वीज काढता येत नाही. जोराने वस्तू सरकली तरच काम होते आणि चुंबकाजवळ ओढल्या गेलेल्या वस्तूने केलेले काम ती पुन्हा मूळ जागी नेताना व्याजासह परत करावे लागते. दिवे घाट उतरताना सायकलस्वाराला पायडल मारावे लागत नाही, पण उतरल्या जागेहून पुन्हा माथ्यावर यायचे तर घाम गाळावाच लागतो. चुंबकांचे चाक एक फेरा पूर्ण करते, तेव्हा ते असाच एक उतार आणि तितकाच चढ पार करीत असते. घर्षणात जाते ते वेगळेच.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर नियोडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे सर्वांत शक्तिमान चुंबक एक किलो घेतले, तर त्याच्या क्षेत्रात साठलेली ऊर्जा फार तर ५० ज्यूलच्या आसपास भरते. नऊ वॅटचा एलईडी दिवा तिच्यावर पाच-सहा सेकंद जळेल. एक लिटर पेट्रोलमध्ये तीन कोटी ज्यूलहून अधिक ऊर्जा असते.

तरीही हे स्वप्न फार जुने आहे. पीटर पेरेग्रिनस या फ्रेंच विद्वानाने १२६९ मध्ये चुंबकावर लिहिलेल्या पत्रात अखंड फिरणाऱ्या चाकाची कल्पना मांडली होती. त्याच्याही शतकभर आधी भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त पाऱ्याने भरलेल्या पोकळ आऱ्यांच्या स्वयंवह चाकाचे वर्णन केले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हता, हे ध्यानात घेता या कल्पनांकडे कौतुकानेच पाहावे लागेल.

आधुनिक दावेदारांना मात्र ही सवलत देता येत नाही. आयर्लंडमधील 'स्टिऑर्न' कंपनीने ऑगस्ट २००६ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात जाहिरात देऊन चुंबकांच्या साहाय्याने स्वच्छ व अखंड ऊर्जा मिळवल्याचे जाहीर केले आणि जगभरच्या शास्त्रज्ञांना तपासणीचे आव्हान दिले. जुलै २००७ मध्ये लंडनला व्हायचे प्रात्यक्षिक रद्द करावे लागले. दिव्यांच्या उष्णतेने यंत्राचे बेअरिंग बिघडले, असे कारण कंपनीने दिले. कंपनीनेच निवडलेल्या २२ तज्ज्ञांच्या मंडळाने जून २००९ मध्ये एकमताने निर्वाळा दिला, की ऊर्जानिर्मिती सिद्ध झालेली नाही. गुंतवणूकदारांकडून दोन कोटी युरोंहून अधिक रक्कम उभारल्यानंतर २०१६ मध्ये कंपनीचा गाशा गुंडाळला गेला. पैसे देणारे अडाणी नव्हते, ही यातील बोलकी बाब.

भारतातही अणुऊर्जा महामंडळात वरिष्ठ पदावर राहिलेले परमहंस तिवारी यांनी पुरवठ्यापेक्षा अधिक वीज देणाऱ्या जनित्राचा दावा केला होता. वैज्ञानिक जगताने तो मान्य केला नाही. भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(अ) नुसार प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या शोधाला पेटंटच मिळत नाही. अशा यंत्राची आगाऊ नोंदणी वा एजन्सी घेण्यासाठी पैसे मोजणाऱ्याने एकच मागणी करावी: यंत्र उघडे करून, बाहेरची एकही तार न जोडता, आतल्या कोणत्याही बॅटरीला झेपणार नाही इतके दिवस ते भारासह चालवून दाखवा.

मग वीजनिर्मितीत चुंबकाचे स्थान काय? मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. कोयनेच्या जनित्रांतही चुंबकच फिरतात (विजेने चुंबकत्व दिलेले), पण त्यांना फिरवते ते उंचावरून पोफळीकडे कोसळणारे पाणी. ऊर्जा पाण्याची; चुंबक तिला विजेचे रूप देतो. विद्युत स्कूटरच्या मोटारीत हीच क्रिया उलट दिशेने घडते आणि चुंबक जितका शक्तिमान, तितकी मोटार लहान व हलकी करता येते. नियोडिमियम चुंबकाचे खरे मोल येथे आहे.

हे मोल चीनने फार आधी ओळखले. अशा चुंबकांच्या जागतिक उत्पादनात त्याचा वाटा सुमारे ९० टक्के आहे. भारतात इंडियन रेअर अर्थ्सच्या विशाखापट्टणम येथील चुंबक प्रकल्पाचे मे २०२३ मध्ये लोकार्पण झाले. तो समारियम-कोबाल्ट चुंबकांचा आहे आणि त्याची क्षमता वर्षाला अवघी ३ हजार किलो. त्यानंतर केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी देऊन वर्षाला ६ हजार टन चुंबकांचे उद्दिष्ट ठेवले.

उद्दिष्ट मोठे असले, तरी वाट सोपी नाही. केरळ, तामिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत नियोडिमियम मिळते. मोटार तापल्यावरही चुंबकत्व टिकावे यासाठी लागणारी डिस्प्रोसियम व टर्बियम ही जड मूलद्रव्ये मात्र तिच्यात अत्यल्प आहेत, आणि एप्रिल २०२५ च्या चिनी यादीत या दोहोंचीही नावे होती.