साखरेचे दुखणे अंगावर काढू नका



देशात मधुमेहाचे दहा कोटींवर रुग्ण असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली जाहीर झाला. 'हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग' असे म्हणायचे दिवस गेले. आता गावोगाव लोकांना गोळ्या चालू आहेत. काळजी आहे ती मध्येच गोळी सोडणाऱ्यांची.

खेड्यातला माणूस निष्काळजी म्हणून गोळी सोडतो, असे सांगितले जाते. हे मला मान्य नाही. कापसाची फवारणी न चुकवणारा माणूस गोळी चुकवतो, त्यामागे हिशेब असतो. पेरणीच्या तोंडावर हातातला पैसा बियाण्याला आणि खताला जातो. दवाखाना गाठायचा तर एक रोज बुडतो, वर एसटीचे भाडे. आणि साखर वाढली तरी काही दुखत नाही. न दुखणाऱ्या रोगाचा खर्च आधी कापला जातो.

पण हा हिशेब आतबट्ट्याचा आहे. पिकाला एखादे अन्नद्रव्य थोडे कमी पडले तर पीक वरून हिरवेच दिसते. शेतीशास्त्रात याला 'छुपी भूक' म्हणतात. पानावर खूण उमटेपर्यंत उतारा घटलेला असतो. वाढलेली साखरही अशीच गुपचूप डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायाच्या नसा खाते. पाय बधिर झाला की रुतलेला काटा कळत नाही. जखम चिघळते, प्रसंगी पाय कापावा लागतो. मूत्रपिंडे निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. गोळीचे वाचवलेले पैसे असे जमिनीच्या तुकड्यासकट जातात.

ब्रिटनमध्ये नव्याने मधुमेह झालेल्या हजारो रुग्णांवर दीर्घकाळ अभ्यास झाला. १९९८ साली निष्कर्ष आला: ज्यांची साखर काटेकोर आवरली, त्यांच्यात डोळे-मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे चौथ्या हिश्शाने कमी. त्यानंतर दोन्ही गटांची साखर सारखी झाली, तरी पहिल्या गटाचा फायदा पुढे दहा वर्षे टिकल्याचे २००८ मध्ये दिसले. सुरुवातीची वर्षे म्हणूनच मोलाची.

काही गैरसमजही काढून टाकू. 'गोळ्यांनी किडनी जाते' हे उलटे आहे; किडनी जाते ती न आवरलेल्या साखरेने. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड ही गोळीची जागा घेत नाही. तपासणीआधी दोन दिवस पथ्य पाळून उपाशीपोटीची साखर कमी दाखवता येईल. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी फसत नाही. मेटफॉर्मिनने पोट बिघडत असेल तर ती जेवणाबरोबर घ्यावी. उपवासात किंवा कष्टाच्या कामात घाम फुटून हातपाय थरथरले तर लगेच साखर खावी आणि डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी. मनाने गोळी बंद करू नये.

आता आपल्या हक्काचे. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्चात बैलाची मेहनत धरतो, अवजारांची झीज धरतो. शेतकऱ्याच्या देहाच्या झिजेला मात्र रकाना नाही. भावात मिळत नाही, ते औषध कशातून येणार? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले आहेत. पण मोफत गोळी कपाटात नसेल, तर तो मोफतपणा कागदावरचा.

म्हणून प्रत्येक तालुक्याने जिल्हा बैठकीत तीन मागण्यांचा ठराव मांडावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनचा साठा खंडित होऊ नये. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला पेरणी आणि सुगीच्या दिवसांत दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी आणि वर्षातून एकदा डोळे, पाय, लघवीची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी.

भावासाठीची लढाई लांबची आहे. ती लढायला माणूस धडधाकट हवा. ठराव मंजूर होईल तेव्हा होईल. आजची गोळी आजच घ्या.